लाल, पण गार

वाईनबद्दलचं कुठलंही पुस्तक उघडा, नाहीतर जालावर शोधा. पहिल्याच पानावर एक नियम हमखास सापडतो: व्हाइट वाईन थंड प्यावी आणि रेड वाईन खोलीच्या तापमानाला. वाचायला सोपा, लक्षात ठेवायला सोपा आणि नागपुरात साफ निरुपयोगी. कारण खोली कुणाची, हे कुणीच लिहीत नाही. ज्यांनी तो नियम केला त्यांची घरं युरोपातली, जाड दगडी भिंतींची. त्यांची खोली म्हणजे १६ ते १८ अंश. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ ही रोजची गोष्ट आहे. २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ वर गेला होता. २०२४ च्या मे अखेर तर इथल्या एका स्वयंचलित यंत्रानं ५६ अंश दाखवून देशभर बातमी केली. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. पण खरं सांगतो, बातमी वाचून आम्हा नागपूरकरांना फारसं नवल वाटलं नव्हतं :-)

तर अशा गावात 'खोलीच्या तापमानाची' रेड म्हणजे मेमधली ३५-३६ अंशांची रेड. ती चाखून बघायची गरज नाही, नुसतं काय होतं ते समजून घेतलं तरी पुरे. वाईन जितकी गरम तितकं तिच्यातलं अल्कोहोल लवकर उडतं आणि आधी तेच नाकात जातं. फळाचा वास त्याच्यामागे दबून जातो, आंबटपणा बोथट होतो आणि सगळं प्रकरण काढ्यासारखं लागतं. "रेड वाईन मला नाही आवडली बुवा" असं म्हणणारे माझे निम्मे मित्र या गरम काढ्यालाच रेड वाईन समजून बसलेत.

मग सोपा उपाय, सगळ्याच रेड फ्रिजमध्ये टाकाव्यात. पण तसंही चालत नाही. रेड वाईनचा रंग आणि तुरटपणा दोन्ही द्राक्षाच्या सालीतून (तुरटपणा काही प्रमाणात बियांतूनही) येतात. तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांना टॅनिन म्हणतात. चहा फार उकळला की जीभ जशी कोरडी पडते, किंवा कच्चं जांभूळ खाल्ल्यावर तोंड जसं आवळून येतं, तेच ते. थंडीत हा तुरटपणा आणखी टोचतो. म्हणजे कॅबर्नेसारखी जाडजूड, लाकडी पिंपात मुरवलेली रेड गरम असताना काढा आणि गार केली की सुपारी. दोन्हीकडून पंचाईत.

सुटते ती हलकी रेड. कमी तुरट, जास्त आंबट, फळाचा वास पुढे असलेली. हिला १३-१४ अंशांपर्यंत गार केलं तर काही बिघडत नाही, उलट ती खुलते. भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, कारण उन्हाळा त्यांनाही आहे. सिसिलीत फ्रापातो नावाचं द्राक्ष आहे, दक्षिण फ्रान्समध्ये सांसो आहे. या दोन्ही वाईन नागपूरच्या दुकानांत मला तरी कधी दिसल्या नाहीत. पण याच घराण्यात शोभेल असं एक इटालियन द्राक्ष चक्क महाराष्ट्रात पिकतं, सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या पंचक्रोशीत. त्याचं नाव सांजोवेसे.

नावाचा अर्थ सांगतात तो मोठा झोकदार आहे: लॅटिनमधल्या 'सांग्विस जोविस'वरून, म्हणजे जोव्ह देवाचं, ज्युपिटरचं रक्त. वंशावळ मात्र तितकी दैवी नाही. २००४ साली डीएनए तपासून त्याचे आईबाप शोधले गेले. एक निघालं चिलिएजोलो, जे तोस्कानातलं जुनं द्राक्ष आहे आणि ज्याच्या नावातच चेरी आहे. दुसरं कालाब्रेसे मोंतेनुओवो, दक्षिण इटलीतलं, ज्याचं नाव आधी कुणाला फारसं माहीत नव्हतं. म्हणजे इटलीच्या सर्वात प्रसिद्ध द्राक्षाच्या पत्रिकेत निम्मं घराणं अनोळखी.

इटालियन रेड म्हटलं की गवती वेष्टणातली गोल बुडाची बाटली डोळ्यांपुढे येते ना, ती कियांती. तिचा कणा हे सांजोवेसे. आणि 'हलकी वाईन' हा शब्द मी इतक्यांदा वापरतोय त्याची एक छान गोष्ट या कियांतीत आहे. बेत्तिनो रिकासोली नावाचा एक जमीनदार होता, ब्रोलिओच्या किल्ल्यात राहणारा. १८६१ साली तो एकसंध इटलीचा दुसरा पंतप्रधानही झाला. पण गडी खरा रमायचा द्राक्षाच्या मळ्यात. वर्षानुवर्षं प्रयोग करून त्यानं १८७२ साली एका पत्रात कियांतीचा फॉर्म्युला लिहून ठेवला. सांजोवेसेनं वास आणि जोम येतो. कानायोलोनं त्याची धार मऊ होते. आणि मालवाझिया हे पांढरं द्राक्ष घातलं की वाईन हलकी होते, रोजच्या जेवणाला योग्य होते. मुरवत ठेवायची असेल तर मात्र मालवाझिया टाळा, असंही त्यानं सांगितलं. म्हणजे बघा, हलकी वाईन ही फसलेली भारी वाईन नव्हे. ती मुद्दाम, विचार करून तशी केलेली, रोजच्या ताटाशेजारी ठेवायची वस्तू होती. पुढे १९६७ च्या नियमांनी पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचंच केलं, लोकांनी त्याचा अतिरेक केला आणि कियांतीची पार रया गेली. मग नियम पुन्हा बदलले. स्पेसिफिकेशनमधला 'ऑप्शनल' मुद्दा 'मँडेटरी' झाला की काय होतं, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता अकलूज. उसाचा आणि साखर कारखान्याचा मुलूख. तिथं २००७ साली फ्रातेल्ली ही वायनरी सुरू झाली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीतले सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन घरांनी मिळून काढली म्हणून हे नाव. वाईनमेकर पिएरो मासी तोस्कानाचा, म्हणजे सांजोवेसेच्या माहेरचा. परदेशातून रोपं आणून लावली, त्यात हे द्राक्षही आलं. त्याची रेड तर झालीच, शिवाय सांजोवेसे बियांको नावाची पांढरी वाईनही याच काळ्या द्राक्षापासून काढली. हे ऐकून बुचकळ्यात पडू नका. रस मुळात बिनरंगी असतो. साल लगेच बाजूला केली तर पांढरी, रसात मुरू दिली तर लाल.

माझ्या डोक्यातला खरा प्रश्न वेगळाच होता. सांजोवेसेची सगळी मजा त्याच्या आंबटपणात. आणि द्राक्षातला आंबटपणा उष्णतेनं जळतो, अक्षरशः. फळ पिकताना त्यातलं मॅलिक आम्ल वेल श्वसनात वापरून टाकते आणि गरमी जितकी जास्त तितकं ते झपाट्यानं संपतं. मग सोलापूरसारख्या जिल्ह्यात 'ताजी, आंबट' रेड कशी काय होते?

याचं उत्तर नागपूरकराला लगेच कळेल, कारण ते आपल्या संत्र्यात आहे. संत्र्याला बहार आणायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो, हे आपल्याकडे शेतीशी संबंध नसलेल्यालाही माहीत असतं. पाणी तोडायचं, झाड झोपवायचं, मग पाणी देऊन जागं करायचं. आंबिया बहार धरायचा की मृग, हे ठरवलं की संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात येणार की फेब्रुवारी-मार्चात, तेही ठरतं. थंड देशात झाडाला झोपवायचं काम हिवाळा फुकटात करतो. आपल्याकडे ते शेतकऱ्याला करावं लागतं.

द्राक्षाचं तसंच. इटलीत वेल हिवाळाभर झोपते, वसंतात फुटते आणि सांजोवेसे सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. महाराष्ट्रात वेलीला झोपच नाही, ती बारा महिने वाढायला तयार. म्हणून इथले बागायतदार कात्री हातात घेऊन कॅलेंडर चालवतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून पुढच्या हंगामाच्या काड्या तयार होतात. मग पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. तिच्यातून घड येतात आणि वाईनची द्राक्षं साधारण फेब्रुवारी-मार्चपर्यंत तोडली जातात. म्हणजे वर्षात दोन छाटण्या आणि पीक एकच. यातली खुबी अशी की मणी पिकण्याचा काळ बरोबर हिवाळ्यात येतो. दिवसा ऊन, रात्री गारवा. त्या गार रात्री आम्ल वाचवतात. शिवाय तेव्हा पाऊस नसतो. सांजोवेसेची साल पातळ, ऐन काढणीत पाऊस आला की घड सडतात आणि तोस्कानातले शेतकरी शरद ऋतूत याच धास्तीत असतात. सोलापूर तर पर्जन्यछायेचा जिल्हा. इथं दुष्काळाची सवय हीच जमेची बाजू ठरते.

तरीही अकलूजची सांजोवेसे हुबेहूब कियांती नसते. ती जरा जास्त पिकलेली, जरा गोलाईची लागते. पण आंबटपणाची ती रेघ असते. पुस्तकं तिच्या वासाला 'आंबट चेरी' म्हणतात. आपण चेरी पाहिली ती केकवरची, पाकातली, त्यामुळे या उपमेचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. मी विचाराल तर पिकायला आलेलं करवंद म्हणेन. आंबट, मागून थोडं तुरट आणि गिळल्यावर पुन्हा तोंडाला पाणी सुटणारं. रंगही बघा, कॅबर्नेसारखा शाईचा नव्हे. ग्लासामागे बोट धरलं तर दिसावं इतपत लाल.

आता इंजिनियरगिरी. नागपुरात हिला १४ अंशांवर आणायचं कसं?

पहिला देशी उपाय सुचतो तो ओल्या फडक्याचा. बाटलीला ओलं फडकं गुंडाळून वाळ्याच्या कूलरसमोर ठेवायची. माठाचंच तत्त्व. पण गणित मांडून पाहिलं. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर बाष्पीभवनानं गाठता येणारा तळ साधारण २३ अंश. ४४ वरून २३ म्हणजे कमाल आहे, माठाला दंडवत. पण १४ नाहीच. आणि जुलैत हवा दमट झाली की हाही उपाय संपला.

तेव्हा फ्रिज. घरात पस्तीस अंश असतील तर बाटलीला तीनेक तास तरी द्या. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी, वीसेक मिनिटं. नुसता बर्फ नको. बर्फाचे खडे बाटलीला मोजक्याच ठिकाणी टेकतात, पाणी सगळीकडून भिडतं. (सीपीयूला थर्मल पेस्ट का लावतात, ते आठवा.) फ्रिजमधून काढल्यावर थोडा वेळ बाहेर ठेवा, थोडीथोडीच ओता आणि बाटली परत आत. मोठा ग्लास भरून बसलात तर अर्ध्यावर येईपर्यंत तिचा काढा होणारच.

आणखी एक गोष्ट दुकानाबद्दल. वाईन ही बाटलीतही बदलत राहणारी चीज आहे आणि तिशीच्या वर महिनोन्महिने राहिली तर ती शिजते. फळाचा ताजेपणा जातो, उकडलेल्या मनुकांसारखा वास येतो. हलक्या रेडजवळ ताजेपणाशिवाय दुसरं भांडवल नसतं, त्यामुळे पहिला बळी तिचाच. म्हणून मी ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घेतो, काचेच्या दर्शनी कपाटात उन्हाला बसलेली घेत नाही आणि बाटलीवरचं साल बघून त्यातल्या त्यात नवी निवडतो. जुनी म्हणजे चांगली, हा समज इथं उपयोगाचा नाही.

जेवणाचं काय? सावजी मटणाबरोबर लावू नका. तिखटाची आग अल्कोहोलनं वाढते आणि टॅनिननं आणखी टोचते. सावजीला पाणी आणि भाकरी, बस्स. पण टमाटर जिथं आहे तिथं ही वाईन फिट बसते. पदार्थ आंबट असेल तर वाईन निदान तितकी आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. इटालियन लोकांनी टमाटर आणि सांजोवेसेची गाठ याच हिशेबानं बांधली आहे. आपल्याकडे टमाटरची चटणी, कमी तिखटाचं वांग्याचं भरीत, पाटोडी (रस्सा जरा बेतानं!) यांच्याशी तिचं बरं जमतं.

इथवर सगळं चवीचं झालं. पण 'हलकी' या शब्दाबद्दल एक गोष्ट बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

माझे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेती करायचे. ते दारूनं गेले, एक्कावन्नाव्या वर्षी. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे १९७४ पासून. म्हणजे ज्या दारूनं ते गेले ती कायद्यानं तिथं नव्हतीच. मागं मोठी आई, दोन मुली आणि आठ एकर कोरडवाहू. तेव्हापासून आमच्या घरात बाटली येत नाही. हा आईचा नियम. माझ्या सांजोवेसेलाही तो लागू आहे, ती मनीषनगरात मित्राच्या फ्रिजमध्ये राहते. गंमत म्हणजे पश्चिमेकडून नागपूरला येणारे मोठे रस्ते वर्धा जिल्ह्यातूनच येतात. अकलूजची बाटलीही बहुधा आमच्या गावाजवळूनच येत असणार.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. विरोध इतका झाला की अंमलबजावणी रखडली. त्या दिवसांत 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य टीव्हीवर रोज ऐकू यायचं. एक दिवस जेवताना बाबांनी विचारलं, "तू पिते ते वाईन, त्यात किती टक्के असते बे?"

"तेराच्या आसपास."

"आणि बीअरमध्ये?"

"पाच ते आठ."

"मंग दारूच झाली ना ते. नाही म्हणून काहून सांगून राहिले लोक?"

मी म्हटलं, "दारूच आहे बाबा." यावर ते काही बोलले नाहीत, भाजी वाढून घेतली.

आकडे मांडतो. १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात १३ टक्क्यांनी साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांनी साधारण ६१ ग्रॅम. आणि ७५० मिलिलिटरच्या अख्ख्या वाईनच्या बाटलीत ७७ ग्रॅम. म्हणजे एकट्यानं बाटली संपवली तर क्वार्टरच्या वर गेलो. 'हलकी' हे विशेषण रंगाला आहे, तुरटपणाला आहे. यकृताला यातलं काहीच कळत नाही, त्याला ग्रॅम कळतात. शिवाय गार, आंबट आणि कमी तुरट असल्यानं ही वाईन घशाखाली पटकन उतरते, म्हणजे हिच्याबाबत भारी रेडपेक्षा जास्तच भान ठेवावं लागतं. हृदयाला चांगली असते वगैरे जे आपण ऐकतो, त्याची हवा १९९१ साली अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमानं केली. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. द्राक्ष बागायतदाराचं भलं व्हावं असं मलाही वाटतं, पण त्यासाठी दारूला फळाचा रस म्हणायची गरज नाही. बागायतदाराच्या छाटणीचं कौतुक करायला ती दारू आहे हे कबूल करून बसलं तरी चालतं.

मग मी पितो का? आवडते म्हणून. महिन्यातून एखाद्या शनिवारी, तिघांत एक बाटली, जेवणासोबत, आणि गाडी मित्राच्या पार्किंगमध्ये ठेवून. रिकासोलीच्या पत्रातलं 'रोजच्या जेवणाला' हे शब्द तेवढे मी गाळले आहेत. मोठी आई नागपूरला आली असेल त्या वीकांताला मात्र नाही. ती विचारणार नाही आणि तिला कळणारही नाही. तरी नाही.

असो. यंदा दोन बाटल्या जानेवारीतच घेऊन ठेवल्या आहेत. एक फ्रिजमध्ये, एक मित्राच्या कपाटात. मे अखेर दोन्ही शेजारी शेजारी, एकाच तापमानाला चाखून नागपूरच्या उन्हाळ्यानं कपाटातलीचं काय केलं ते बघायचं आहे. निकाल जूनमध्ये, पाऊस वेळेवर आला तर :-)